ध्रुवीय प्रकाशाचे छायाचित्रण

उत्तर ध्रुवीय प्रकाशाच्या (ऑरोरा; ध्रुवाजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) कमानी, पडदे व शलाका रात्रीच्या आकाशात टिपण्याचे तंत्र. आज ते हौशी छायाचित्रकारांत लोकप्रिय असले, तरी दीर्घकाळ ते मुख्यतः उच्च वातावरणाच्या मोजमापाचे साधन होते.

पहिल्या छायाचित्राचा मान कोणाला द्यावा, याविषयी मतभेद आहेत. डॅनिश अभ्यासक सोफुस ट्रॉमहोल्ट यांनी १८८२-८३ च्या हिवाळ्यात उत्तर नॉर्वेतील काउतोकेइनो येथे प्रयत्न केले. तेथील सामी लोकांची त्यांनी टिपलेली व्यक्तिचित्रे आजही मोलाची मानली जातात. ध्रुवीय प्रकाश मात्र छायाचित्रणाच्या काचेवर (प्रकाशसंवेदी लेप दिलेली काच) उमटला नाही. त्या काळच्या सामान्य काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या, तर ध्रुवीय प्रकाशातील सर्वांत ठळक रेषा ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीची, हिरवी आहे. शिवाय हा प्रकाश मंद आणि हलता. १८८५ मध्ये क्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथे सुमारे साडेआठ मिनिटांच्या उद्भासनाने (काचेवर प्रकाश पडू देण्याचा काळ, एक्स्पोजर) प्रतिमा मिळाल्याचे ट्रॉमहोल्ट यांनी सांगितले. एवढ्या वेळात आकार पुसट होणे अटळ असल्याने अनेक अभ्यासक हा दावा बाजूला ठेवतात व जर्मन संशोधक मार्टिन ब्रेंडेल यांना श्रेय देतात. ते अधिक सयुक्तिक वाटते. ब्रेंडेल यांनी ओटो बाशिन यांच्यासह उत्तर नॉर्वेतील आल्ता फ्योर्डजवळील बोसेकॉप येथे १८९१-९२ चा हिवाळा काढला. त्यांच्या छायाचित्राची तारीख बहुधा ५ जानेवारी १८९२ अशी दिली जाते. काही ठिकाणी १ फेब्रुवारी १८९२ असाही उल्लेख आढळतो.

या छायाचित्रणाला खरी शास्त्रीय प्रतिष्ठा दिली ती नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टॉर्मर (१८७४-१९५७) यांनी. दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी छायाचित्रे घ्यायची आणि पार्श्वभूमीच्या ताऱ्यांच्या तुलनेत प्रकाशाचे स्थान किती सरकलेले दिसते, यावरून त्याची उंची काढायची, ही त्यांची रीत. खालची कड साधारणपणे १०० किमी.च्या आसपास असते, हे या हजारो छायाचित्रांतून पक्के झाले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात (१९५७-५८) सबंध आकाश एका चौकटीत घेणारे कॅमेरे अनेक ठिकाणी बसवण्यात आले. त्यांच्या चित्रफितींवरून सोव्हिएत संशोधक फेल्डस्टाइन यांनी १९६० च्या दशकात ध्रुवीय प्रकाशाचा, भूचुंबकीय ध्रुवाभोवतीचा लंबवर्तुळाकार पट्टा मांडला.

अंकीय कॅमेऱ्याने सध्या मोठ्या छिद्राचे रुंदकोनी भिंग, तिपाई, उच्च आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि सुमारे २ ते १५ सेकंदांचे उद्भासन वापरतात. ताऱ्यावर हातानेच केंद्रीकरण करतात. प्रकाश वेगाने नाचत असेल, तर उद्भासन कमी ठेवणेच योग्य. भिंगावरील सपाट गाळणी (फिल्टर) मात्र आधी काढावी : हिरवा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असल्याने तिच्या दोन पृष्ठभागांवरील परावर्तनांच्या व्यतिकरणामुळे (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून) चित्राच्या मध्यभागी समकेंद्री वर्तुळे उमटतात व ती नंतर नीट काढता येत नाहीत.

भारतात लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या सर्वाकाश कॅमेऱ्यांनी एप्रिल २०२३ व मे २०२४ मधील तीव्र भूचुंबकीय वादळांत (सूर्याकडील कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात होणारी खळबळ) लाल प्रकाश टिपला. इतक्या दक्षिणेकडून पाहताना खालचा हिरवा भाग क्षितिजाखाली राहतो आणि उंचावरील ऑक्सिजनचा ६३०.० नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा दिसू शकतो. मे २०२४ च्या प्रतिमांना मात्र ‘स्थिर लाल कमान’ म्हणणे अधिक योग्य ठरेल. तिचा उगम थेट कोसळणाऱ्या कणांत नसून, पृथ्वीभोवतीच्या वलयप्रवाहातून (विद्युतभारित कणांचा वलयाकार प्रवाह) आयनांबरात (उच्च वातावरणाचा विद्युतभारित थर) उतरणाऱ्या उष्णतेत मानला जातो.