सुरेश भट सभागृहाचं आरक्षण : अर्ज, कागदपत्रं आणि परवानग्या

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह नागपूर महापालिकेच्या मालकीचं. २२ सप्टेंबर २०१७ ला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आसनं सुमारे दोन हजार. त्यामुळे नाटक, मैफल, शाळेचं स्नेहसंमेलन, पदवीदान, परिषद असं सगळंच इथे होतं. तीनशे माणसांच्या कार्यक्रमासाठी मात्र हे घेऊ नका. सभागृह ओकंबोकं दिसतं आणि भाडं पूर्ण जातं.

तारीख विचारण्याआधी सत्र ठरवा. भाडं सत्रावर असतं आणि मांडणी, ध्वनिचाचणी, आवराआवर सहसा त्याच वेळेत धरली जाते. संध्याकाळी सहाचा पडदा असेल आणि एलईडी वॉल लावायची असेल, तर दुपारचं सत्रही घ्यावं लागतं. अनेक आयोजक इथेच फसतात. दर महापालिकेच्या ठरावानुसार बदलतात, म्हणून चालू दरपत्रक आणि अटींची प्रत हातात घेऊनच हिशोब करा. एखाद्याच्या गेल्या वर्षीच्या पावतीवर विसंबू नका.

अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्ष किंवा सचिवांच्या सहीशिक्क्याने द्यावा. सोबत संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, अर्जदाराचं ओळखपत्र आणि कार्यक्रमाचं स्वरूप : वेळ, अपेक्षित उपस्थिती, तिकीट आहे की प्रवेश मोफत. व्यक्तीच्या नावे अर्ज असेल तर आधार आणि पॅन. अर्ज, पावती आणि पोलीस परवानगी या तिन्हींवर आयोजकाचं नाव अक्षरशः एकच हवं. अर्जावर मंडळाचं नाव आणि पैसे अध्यक्षांच्या खात्यातून, असं झालं की अनामत परत मिळवताना नाकीनऊ येतात.

जीएसटीचा मुद्दा आधीच मिटवा. आयोजक जीएसटी नोंदणीकृत असेल, तर स्थानिक प्राधिकरणाला, म्हणजे इथे महापालिकेला, दिलेल्या जागाभाड्यावरचा कर ‘रिव्हर्स चार्ज’ने, म्हणजे महापालिकेऐवजी थेट सरकारकडे, त्यानेच भरायचा असतो. तेव्हा जीएसटी क्रमांक अर्जातच लिहा, पावती फाटल्यावर सांगून उपयोग नाही. तिकिटाचं वेगळं : नाटक, नृत्य किंवा संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही.

आरक्षणाची पावती म्हणजे कार्यक्रमाची परवानगी नव्हे. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र अर्ज लागतो, त्याला पावतीची प्रत जोडायची. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. संहिता वाचून मगच ते मिळतं, त्यामुळे आठवड्यावर प्रयोग आलेला असताना धावाधाव करून भागत नाही. सिनेगीतांच्या ऑर्केस्ट्राला स्वामित्व हक्काचा परवाना लागतो. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे.

ध्वनिक्षेपकाची रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी बंद सभागृहातल्या आवाजाला तशीच लागू होत नाही. पण बाहेर, प्रवेशद्वारापाशी ढोलताशे किंवा स्पीकर लावले, तर सूट संपली. आवारात मांडव किंवा जेवणाचा तंबू टाकायचा असेल तर अग्निशमन विभागाला विचारा. केटररकडे अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना आहे का, तेही पाहून घ्या.

तारखेबद्दल एक नागपुरी सूचना. दसऱ्याच्या सुमारास रेशीमबाग मैदानावर आणि दीक्षाभूमीवर गर्दी असते, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात. या दिवसांत परवानगी मिळतेही, पण उशिरा मिळते आणि वाहतूक वळवलेली असेल तर प्रेक्षकच वेळेवर पोहोचत नाहीत. निवडणूक आचारसंहितेच्या काळात राजकीय पाहुणे असतील, तर आधी निवडणूक यंत्रणेकडे चौकशी करा.

शासकीय कार्यक्रमासाठी आरक्षण रद्द करण्याचा अधिकार सभागृहाच्या अटींत आहे का, आणि तसं झालं तर परतावा किती, हे पत्रिका छापण्याआधी वाचा. कार्यक्रमाच्या दिवशी ताबा घेताना व्यवस्थापकासोबत खुर्च्या, पडदे, ग्रीन रूमचे आरसे बघून आधीची मोडतोड लिहून घ्या, फोटो काढा. भिंतीला चिकटपट्टी, रंगमंचावर खिळे, सभागृहात कागदी फटाके. अनामतीतून कपात होते ती बहुतेकदा यांमुळेच. ताबा परत देताना सहीची प्रत घेतल्याशिवाय निघू नका, आणि परताव्याच्या अर्जासोबत मूळ पावती व रद्द केलेला धनादेश जोडा.