अ‍ॅनाफेज सापडत का नाही?

पावसाळ्यात प्रथम वर्ष बीएस्सीची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत कांदे येतात. काठोकाठ पाण्याने भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर ते बसवायचे आणि बूड जेमतेम पाण्याला टेकवायचे. दोन-तीन दिवसांत खाली पांढऱ्या मुळांचा झुबका लोंबू लागतो. सूत्री विभाजनाचा, म्हणजे मायटोसिसचा, हा प्रयोग मी स्वतः विद्यार्थिनी असताना केला आणि आता कित्येक वर्षे शिकवते आहे. दरवर्षी तासाभराने कुठल्या तरी बाकावरून तेच वाक्य ऐकू येते: "मॅडम, बाकी सगळं दिसतंय, अ‍ॅनाफेज तेवढा सापडत नाहीये."

अ‍ॅनाफेज म्हणजे विभाजनातली अशी अवस्था, जिच्यात गुणसूत्रांच्या जोड्या विलग होऊन पेशीच्या दोन टोकांकडे जातात. तो सापडला नाही की हळूच पुस्तकातली आकृती जर्नलमध्ये उतरते. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण अ‍ॅनाफेज सहजासहजी न सापडणे हेच त्या स्लाइडवरचे सर्वांत मोलाचे निरीक्षण आहे.

आधी स्लाइड कशी होते ते पाहू. मुळाचे टोक तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात रात्रभर ठेवतात. पेशी जिथे असतील तिथे, ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत थिजतात. मग हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून पेशींना एकमेकींशी चिकटवणारा थर सैल करायचा आणि अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये रंगवायचे. हा लाल रंग कोचिनियल नावाच्या कीटकापासून मिळतो. शेवटी कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागदाची घडी, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया जाते. टोकाचे एक-दोन मिलिमीटरच घ्यायचे असतात. त्याच्या वरच्या पेशींनी विभागणे थांबवलेले असते आणि त्या नुसत्या लांब होत असतात. निम्म्या मुलांना काहीच दिसत नाही ते यामुळेच.

आता मुद्द्याचे. पुस्तकात विभाजनाच्या प्रोफेज (गुणसूत्रे आखडून दिसू लागतात), मेटाफेज (ती पेशीच्या मध्यावर येतात), अ‍ॅनाफेज (ती विलग होतात) आणि टेलोफेज (दोन केंद्रके बनतात) या चारही अवस्थांना सारख्याच आकाराची चौकट मिळते. त्यामुळे त्यांना वेळही सारखाच लागत असावा असा समज होतो. स्लाइड मात्र वेगळे सांगते. एसटी स्टँडचा कुठल्याही क्षणी काढलेला एक फोटो डोळ्यांसमोर आणा. गाडीची वाट पाहणारे पन्नास जण दिसतील आणि पायरीवर पाय ठेवलेला एखादाच. म्हणून गाडीत चढणे दुर्मिळ असते असे कोणी म्हणत नाही. चढायला वेळ कमी लागतो, एवढाच त्याचा अर्थ. मुळाच्या टोकातल्या पेशी एकमेकींची वेळ जुळवून विभागत नाहीत, जी ती आपल्या वेळेने विभागते. म्हणून थिजवलेल्या पेशींमध्ये ज्या अवस्थेच्या पेशी जास्त, ती अवस्था जास्त वेळ चालणारी.

समजा, 500 पेशी मोजल्या आणि त्यांत अ‍ॅनाफेजच्या 5 निघाल्या, म्हणजे एक टक्का. पेशीचे पूर्ण चक्र ढोबळमानाने 24 तासांचे, म्हणजे 1440 मिनिटांचे धरले, तर अ‍ॅनाफेज सुमारे 14 मिनिटांचा ठरतो. मेलेल्या, रंगवलेल्या, चेपलेल्या पेशींवरून घड्याळ न लावता वेळ काढता येतो! हा हिशेब अंदाजी आहे हे खरे, कारण विभागणाऱ्या ऊतीत नुकत्याच जन्मलेल्या पेशींचे प्रमाण थोडे जास्त असते. पण अवस्थांचा क्रम लावायला तो पुरतो. बहुतेक पेशी विभाजनाबाहेरच्या, म्हणजे इंटरफेजमध्ये. विभागणाऱ्यांमध्ये प्रोफेजच्या सर्वांत जास्त आणि अ‍ॅनाफेजच्या अगदी थोड्या.

अ‍ॅनाफेज एवढा झटपट का उरकतो? या प्रश्नात मी इतकी वर्षे अडकून पडले आहे.

कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रे असतात. विभाजनाआधी प्रत्येकाची नक्कल होते आणि दोन अर्धगुणसूत्रे कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी जखडलेली राहतात. गुणसूत्रबिंदूवर, म्हणजे ती दोन जिथे घट्ट जुळलेली असतात तिथे, दोन विरुद्ध बाजूंना दोन पकडी असतात, त्यांना कायनेटोकोअर म्हणतात. पेशीच्या दोन टोकांकडून तुर्कतंतू, म्हणजे गुणसूत्रे ओढणारे बारीक धागे, वाढत येतात. काही लागले नाही तर आक्रसतात आणि पुन्हा वाढतात, अंधारात हाताने चाचपडल्यासारखे. एका पकडीला एका टोकाचा तंतू आणि दुसरीला समोरच्या टोकाचा मिळाला, तर गुणसूत्र दोन्हीकडून ताणले जाते आणि मध्यावर स्थिरावते. दोन्ही पकडींना एकाच टोकाचे तंतू लागले तर ताण येत नाही. अशी चुकीची जोडणी सुटते आणि चाचपडणे पुन्हा सुरू होते. म्हणजे 32 पकडी आणि प्रत्येकीची जोडणी योगायोगाने होणारी. यात वेळ जाणारच.

एक पकड जरी मोकळी राहिली तरी पेशी थांबते. एसटीचा कंडक्टर शेवटचा प्रवासी चढेपर्यंत डबल बेल देत नाही, तसेच. फरक एवढाच की पेशीत कंडक्टर नाही. तिथे जो चढलेला नाही तोच ओरडत असतो. मोकळ्या कायनेटोकोअरवर मॅड-2 नावाच्या प्रथिनाचा आकार बदलतो. बदललेले मॅड-2 इतर प्रथिनांच्या साथीने सीडीसी-20 या प्रथिनाला धरून ठेवते. सीडीसी-20 अडकले की एपीसी नावाचे मोठे यंत्र बंद राहते. शेवटची पकड जोडली गेली की ओरडा थांबतो आणि एपीसी चालू होते. ते सेक्युरिन या प्रथिनावर नाशाची खूण लावते. सेक्युरिन नष्ट झाले की त्याने आवरून धरलेली सेपरेज ही कात्री मोकळी होते आणि ती कोहेसिनची कडी कापते. सगळ्या गुणसूत्रांवरची कडी जवळजवळ एकाच वेळी तुटतात. म्हणूनच अ‍ॅनाफेज रेंगाळत नाही. तोवर सगळी तयारी आणि सगळा ताण आधीच साठलेला असतो. वाट पाहण्याचा वेळ मेटाफेज आणि त्याआधीची धावपळ यांच्या खाती पडतो.

नावांच्या या गर्दीत वाट चुकली असेल, तर पुढचे दोन प्रयोग तेवढे लक्षात ठेवा. दोन्ही 1995 मधले आहेत. कॉन्ली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पेशीत उरलेली शेवटची मोकळी पकड लेसरने जाळून टाकली. गुणसूत्र जोडले गेलेच नव्हते, फक्त ओरडणारा नाहीसा झाला होता. तरीही पेशी अ‍ॅनाफेजमध्ये गेली. दुसरा प्रयोग ब्रूस निकलस आणि शिआओटोंग ली यांचा. प्रार्थनाकीटकाच्या शुक्रपेशी तयार होताना एखादे एक्स गुणसूत्र कधीकधी जोडीवाचून राहते. ते एकाच बाजूला बांधलेले असते, त्यावर ताण नसतो आणि पेशी खोळंबून बसते. त्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म सुईने ते गुणसूत्र अलगद ओढून धरले. समोरच्या बाजूने ओढणारे कोणी नव्हते, ओढ सुईची होती. पेशीने ती खरी मानली आणि विभाजन पुढे सरकले. सुईच्या टोकाने पेशीची खात्री पटवता येते, याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

आता हेच उलट करून पाहा. तुर्कतंतू बनूच दिले नाहीत तर पकडी मोकळ्या राहतील, ओरडा चालू राहील आणि मेटाफेजच्या पेशी साचत जातील. कोल्चिसीन हे विष नेमके हेच करते. स्वीडनच्या अल्बर्ट लेव्हान यांनी 1938 मध्ये कांद्याच्या मुळांवर त्याचा परिणाम तपशिलाने मांडला. पुढे त्यांच्याच लुंडमधल्या प्रयोगशाळेत, मूळचे वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करणारे जो हिन जिओ यांनी माणसाच्या पेशींना कोल्चिसीन देऊन आणि स्लाइड चेपून गुणसूत्रे मोजली. ती 46 भरली. तोवर तीस वर्षांहून अधिक काळ सगळे 48 म्हणत आले होते. जिओ आणि लेव्हान यांचा निबंध 1956 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाच्या गुणसूत्रांची बरोबर संख्या कांद्याच्या मुळावर बसलेल्या हातांनी मिळवली, हे मी प्रत्येक बॅचला सांगते.

कोल्चिसीन आपल्याकडच्या कळलावीतही असते. गणपतीच्या दिवसांत कोकणात आणि सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुललेली दिसते ती. तिचे फूल किंवा कंद घरात आणला की भांडणे लागतात, असे अजून सांगितले जाते. भांडणांशी तिचा काडीचा संबंध नाही. खरा धोका वेगळाच आहे. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद वापरण्याची जुनी रीत होती आणि त्या कंदाने माणूस दगावू शकतो. दुसरे टोक म्हणजे मोबाइलवर फिरणारा 'सदाफुलीची पाने चावा, कॅन्सर जातो' हा संदेश. सदाफुलीतून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची खरीखुरी औषधे आहेत. तीही तुर्कतंतू मोडून पेशीला याच थांब्यावर अडकवतात. पण पानात त्यांचे प्रमाण अत्यल्प असते आणि त्यांच्यासोबत इतर अनेक अल्कलॉइडे पोटात जातात. औषधाची मात्रा शिरेतून, मोजूनमापून आणि रक्त तपासत द्यावी लागते. पाने चावत उपचार लांबवणारे रुग्ण मी जवळून पाहिले आहेत. असा संदेश पुढे पाठवू नका, एवढीच कळकळीची विनंती.

या वर्षी जर्नलची पद्धत मी थोडी बदलली आहे. चार चौकटी काढायच्या नाहीत. प्रत्येकाने 100 पेशी मोजायच्या, दिसल्या तेवढ्याच काढायच्या आणि आकडे फळ्यावर लिहायचे. अ‍ॅनाफेजच्या रकान्यात शून्य आले तर शून्यच लिहायचे. वीस जणांचे आकडे एकत्र आले की फळ्यावर 2000 पेशी जमतात आणि मग वेळेचा हिशेब सगळा वर्ग मिळून करतो. गेल्या आठवड्यात एका मुलीने शून्य लिहिले आणि जागेवर न जाता विचारले, "मॅडम, मी मुळं सकाळी थिजवली होती. रात्री थिजवली असती तर आकडा बदलला असता का?" तिच्यासाठी सहा कांदे वेगळे ठेवले आहेत. त्यांतल्या तिघांची मुळे ती रात्री दहाला कापणार आहे.