रेघ फाइलमधली की पडद्यावरची?

पीडीएफमध्ये फोटोभोवती रेघ दिसली की आपल्या नाशिकच्या डीटीपीवाल्यांचा ठरलेला इलाज असतो: फोटोमागे पांढरा चौकोन टाका आणि परत एक्स्पोर्ट मारा. दुसरा गट बिनधास्त सांगतो, "छपाईत येत नाही ती, द्या पाठवून." रेघ कुठल्या जातीची आहे, हे दोघेही बघत नाहीत.

खरी रेघ, म्हणजे फाइलमध्येच असलेली, तुम्हाला माहीतच आहे. चौकटीला चिकटलेला पाव पॉइंटचा स्ट्रोक म्हणजे कडेची रेघ, कोरलड्रॉमध्ये काढायची राहिलेली केसाएवढी हेअरलाइन, नाहीतर स्कॅन कापताना उरलेली पांढरी किनार. स्ट्रोक काढा, फोटो चौकटीत नीट भरा, झालं.

सगळा घोळ भुताच्या रेघेचा आहे, जी फाइलमध्ये नसते, फक्त पडद्यावर दिसते. द्राक्षाच्या पेटीचं डिझाइन घ्या. घडाच्या फोटोवर बागेचं नाव, नावाला सावली. सावली आली की पारदर्शकता आली, म्हणजे मागचं आरपार दिसणं, आणि पीडीएफ १.३ या जुन्या आवृत्तीला ती कळतच नाही. छपाईसाठीची पीडीएफ/एक्स-१ए त्याच जमान्यातली. मग एक्स्पोर्ट करताना पान फ्लॅटन होतं, म्हणजे फोटोचे तुकडे पाडून ते कडेला कड लावून मांडले जातात. मध्ये फट अजिबात नसते. पण अ‍ॅक्रोबॅट पडद्यावर प्रत्येक तुकड्याची कड वेगवेगळी गुळगुळीत करतो, म्हणजे कडेचा पिक्सेल अर्धवट रंगवतो. जोड पिक्सेलच्या मधोमध पडला की पहिला तुकडा त्या पिक्सेलचं अर्धं पांढरं झाकतो आणि दुसरा उरलेल्याचं अर्धं. २५ टक्के पांढरं शिल्लक राहतं, तीच ती फिकट रेघ. जोडातून मागचंच डोकावत असताना मागे आणखी पांढरा चौकोन कशाला टाकता, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

ओळखायची कशी? झूम १०० वरून ८०० टक्के करा. खरी रेघ जाड होते. भुताची तेवढीच केसाएवढी राहते, कधी गायबही होते. तरी शंका असेल तर प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखालच्या 'स्मूद लाइन आर्ट' आणि 'स्मूद इमेजेस' या दोन खुणा काढा. रेघ गेली तर छपाईच्या प्लेटवर ती येणार नाही, कारण तिथे ठिपका एक तर उमटतो नाहीतर नाही.

"द्या पाठवून"वाले फसतात ते पुढे. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायला त्याच पीडीएफची जेपीजी काढली, की रेघ पिक्सेलमध्ये कायमची बसते. फ्लेक्सवाला नेमकी तीच उचलतो. हजार पिक्सेल रुंदीचं चित्र दहा फुटांवर ताणलं की एक पिक्सेल सुमारे तीन मिलिमीटरचा होतो. मग रेघ चौकातूनही दिसते.

माझं मत विचाराल तर सरळ पीडीएफ/एक्स-४ काढा, छपाईच्या पीडीएफची नंतरची जात. तिच्यात पारदर्शकता जशीच्या तशी जाते, त्यामुळे तुकडे पडायचा प्रश्नच येत नाही. प्रेसवाल्याने अडून एक्स-१एच मागितली तर त्याला ती द्या, पण दाखवायची जेपीजी एक्स-४ मधूनच काढा.