मागावरून मोटारीकडे: टोयोटाच्या लौकिकाची पार्श्वभूमी

शिर्डीला किंवा अष्टविनायकाला घरच्या सात माणसांसाठी गाडी ठरवायची म्हटली, की ट्रॅव्हल्सवाल्याला पहिला प्रश्न जातो, "इनोव्हा आहे का?" दोन-तीन लाख किलोमीटर झालेल्या इनोव्हालाही जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळते. या भरवशाचे मूळ मोटारीच्याही आधीचे आहे. ते कापड विणणाऱ्या मागात सापडते, आणि टोयोटाची चांगली-वाईट वर्षे समजून घ्यायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

साकिची टोयोडा (१८६७–१९३०) हा सुताराचा मुलगा. १८९१ मध्ये त्याने लाकडी हातमागाचे पेटंट घेतले, १८९६ मध्ये यंत्रशक्तीवर चालणारा माग केला आणि १९२४ मध्ये 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला. इचलकरंजी-मालेगावच्या वाचकाला या मागाची खुबी लगेच कळेल. धोट्यातले सूत संपत आले की माग न थांबवता धोटा बदलला जाई. उलट ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर माग आपोआप थांबे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकवलेली असे. धागा तुटला की पट्टी खाली पडायची आणि यंत्रणा बंद व्हायची. तुटलेल्या ताण्यावर माग चालत राहिला तर दोष वारभर कापडात विणला जातो, म्हणून प्रत्येक मागाजवळ डोळ्यात तेल घालून माणूस उभा करावा लागे. आता एक कामगार तीसहून जास्त माग सांभाळू लागला. या तत्त्वाला जपानीत 'जिदोका' म्हणतात. टोयोटात हा शब्द लिहिताना 'हालचाल' दाखवणाऱ्या अक्षराला 'माणूस' दाखवणारी खूण जोडतात. यंत्र चालावे, पण चूक ओळखण्याची माणसाची अक्कलही त्यात असावी, असा त्याचा अर्थ.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅम गावातल्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने या मागाचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. साकिचीचा मुलगा किइचिरो टोकियो विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकी शिकलेला होता. त्याने १९३३ मध्ये माग कंपनीतच मोटार विभाग उघडला. १९३५ मध्ये जी-१ ट्रक आणि ए-१ मोटारीचा नमुना तयार झाला. ३.४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन शेव्हरोले इंजिनाचा अभ्यास करून बनवले होते. सुरुवातीचे ट्रक वाटेत बंद पडत, मागच्या अॅक्सलचे हाउसिंग तुटे आणि दुरुस्तीची माणसे बिघडलेल्या गाडीपर्यंत धाव घेत. १९३६ मध्ये 'टोयोडा'चे 'टोयोटा' झाले. जपानी लिपीत हे नाव आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी ज्या कोरोमो गावात कारखाना उभा राहिला, त्याचे नावच १९५९ मध्ये टोयोटा असे बदलले.

कंपनी बुडण्याच्या सर्वांत जवळ आली ती १९५० मध्ये. युद्धानंतरची महागाई आवरण्यासाठी सरकारने कडक चलनसंकोच लादला. विकलेल्या ट्रकचे हप्ते थकले आणि पगाराला पैसे उरले नाहीत. बँकांनी कर्ज दिले ते अटी घालून. विक्री विभाग वेगळी कंपनी करून तोडला, कामगारकपात झाली, मोठा संप झाला आणि जूनमध्ये किइचिरोने राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियन युद्ध सुरू झाले आणि अमेरिकी सैन्याच्या ट्रकांच्या मागणीने कंपनी तरली. किइचिरो १९५२ मध्ये गेला. उत्पादन आणि विक्री या दोन कंपन्या पुन्हा एक झाल्या त्या थेट १९८२ मध्ये.

टोयोटाची उत्पादनपद्धत या टंचाईत घडली. गोदामात माल साठवायला पैसाच नव्हता. यंत्रशाळेचे प्रमुख ताइइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटचे तत्त्व उचलले. फळीवरून जेवढे गेले तेवढेच पुन्हा भरायचे. पुढच्या टप्प्यावर भाग वापरला गेला की त्याचे कार्ड, म्हणजे कानबान, मागच्या टप्प्याकडे जाते आणि त्या कार्डावर लिहिलेल्या संख्येइतकेच नवे भाग बनतात. कार्ड नाही तर उत्पादन नाही, आणि खराब भाग पुढे पाठवायचा नाही. यासाठी छोटे लॉट काढावे लागतात आणि छोट्या लॉटसाठी प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, झटपट बदलावा लागतो. हे काम पूर्वी दोन-तीन तास खाई, १९७० च्या सुमारास ते तीन मिनिटांवर आले. प्रेस थांबल्यावरच करता येणारी कामे आणि प्रेस चालू असताना उरकता येणारी तयारी यांची फारकत केली, हे त्यातले मुख्य कारण.

असेंब्ली लाइनवरचा दोर म्हणजे मागावरची ती पट्टीच. बोल्ट नीट बसला नाही की कामगार दोर ओढतो, दिवा लागतो, गटप्रमुख येतो. दोर ओढताक्षणी लाइन थांबते असा बऱ्याच जणांचा समज आहे. प्रत्यक्षात गाडी त्या टप्प्याच्या ठरलेल्या रेषेपर्यंत सरकत राहते. तोवर दोष निघाला तर लाइन चालू राहते, नाही निघाला तरच थांबते. त्यानंतर पाच वेळा 'का' विचारायचे. यंत्र का थांबले? फ्यूज उडाला. का? बेअरिंगला वंगण नव्हते. का? पंप तेल खेचत नव्हता. का? त्याचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी नसल्याने धातूचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर यंत्र आठवड्याने पुन्हा थांबले असते. ओनो हेच उदाहरण देत. त्यातली गाळणी लक्षात ठेवावी, इनोव्हाच्या इंजिनात ती पुन्हा भेटणार आहे.

निर्यातीची सुरुवात मात्र फसली. १९५५ ची क्राउन ही १,४५३ सीसी, ४८ अश्वशक्तीची गाडी जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी घडलेली होती. १९५८ पासून ती अमेरिकेत विकली, पण तिथल्या हायवेवर ती थरथरायची, तापायची आणि चढावर दम सोडायची. थोड्याच वर्षांत तिची विक्री थांबवावी लागली. तोवर तिथले दुकान जगवले ते लँड क्रूझरने. १९६५ मध्ये नवी कोरोना गेली ती अमेरिकी वेगाचा विचार करून, आणि ती चालली.

मग नोव्हेंबर १९६६ मध्ये कोरोला आली. तिचे मुख्य अभियंता तात्सुओ हासेगावा हे विमानांच्या आरेखनातून आलेले. गाडी प्रत्येक बाबतीत निदान ८० गुणांची हवी आणि काही बाबतीत त्याहून सरस हवी, असे त्यांचे सूत्र होते. निसानची सनी १,००० सीसीची होती, म्हणून कोरोलाचे इंजिन ऐनवेळी १,०७७ सीसी केले. टोयोटाचा स्वभाव मला या सूत्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. कुठल्याच बाबतीत फार पुढची उडी नाही आणि कुठेच खड्डाही नाही. २०२१ पर्यंत पाच कोटी कोरोला विकल्या गेल्या.

साठा न ठेवण्याची किंमतही मोजावी लागली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन सेइकीचा कारिया येथील कारखाना जळाला. मागच्या चाकांवरचा ब्रेकदाब आटोक्यात ठेवणारा पी-व्हॉल्व्ह टोयोटासाठी जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनत असे. शिल्लक माल अगदी थोडा होता, त्यामुळे जपानभरचे कारखाने थांबले. आयसिनने आराखडे खुले केले. हे काम कधीच न केलेल्या अनेक कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर व्हॉल्व्ह बनवले आणि आठवड्याभरात लाइन पुन्हा चालू लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली हायब्रिड गाडी, प्रियस, विक्रीला आली.

लौकिकाला सर्वांत मोठा धक्का २००९-१० मध्ये बसला, तोही कंपनी जनरल मोटर्सला मागे टाकून जगात पहिली झाल्यावर लगेच. अमेरिकेत गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी होत्या. यांत्रिक कारणे दोन निघाली. एक, जाड किंवा न अडकवलेली रबरी मॅट सरकून अॅक्सलरेटर पेडल तिच्यात अडके आणि दाबलेलेच राही. दोन, पेडलमधल्या घर्षण देणाऱ्या भागावर झीज आणि ओलावा साचून पेडल सावकाश परते किंवा अर्ध्यावर राही. पहिल्यावर उपाय म्हणून पेडलचा आकार कापून बदलला आणि ब्रेक दाबताच इंजिनाची ताकद तोडणारे सॉफ्टवेअर दिले. दुसऱ्यावर पेडलमध्ये पोलादाची छोटी पट्टी बसवली. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या नासाच्या तपासात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. पण ग्राहकांना अर्धवट माहिती दिल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. पेडलच्या दोषापेक्षा हे गंभीर आहे. माणसे घडवण्याच्या वेगापेक्षा वाढीचा वेग जास्त झाला, असे कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केले.

भारतात टोयोटा पहिल्यांदा आली ती १९८० च्या दशकात, डीसीएम-टोयोटाच्या हलक्या ट्रकांच्या रूपाने. तो संसार टिकला नाही. दुसऱ्या खेपेला जोडीदार मिळाला किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या चौथ्या पिढीतल्या विक्रम किर्लोस्करांनी टोयोटा घराण्याशी आधी भागीदारी केली ती सूतकताईच्या यंत्रांत. मोटार कंपनी त्यानंतर, १९९७ मध्ये आली. बंगळूरजवळच्या बिदादीत कारखाना उभा राहिला आणि जानेवारी २००० मध्ये क्वालिस बाजारात उतरली. इंडोनेशियाच्या किजांगवरून घेतलेली ही गाडी दिसायला जुनाट होती. २,४४६ सीसी डिझेल, ७५ अश्वशक्ती, टर्बो नाही, पंप यांत्रिक. म्हणूनच ती कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजात उघडता येई. २००५ मध्ये, खप चांगला असतानाच ती बंद करून इनोव्हा आणली. २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा आली. २०२२ ची इनोव्हा हायक्रॉस मात्र वेगळ्या घडणीची आहे. शिडीसारखी चॅसी आणि मागच्या चाकांना ताकद ही रचना जाऊन मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसलेली एकसंध बॉडी, पुढच्या चाकांना ताकद आणि पेट्रोल हायब्रिड आले.

नाव ऐकून जुनी इनोव्हा डोळे झाकून घेऊ नये. २००५ ते २०१६ च्या गाडीत २,४९४ सीसीचे २केडी इंजिन आहे. त्यात टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मीटरवरचा टी-बेल्ट दिवा रीसेट करता येतो, म्हणून दिव्यावर न जाता बेल्ट बदलल्याचे बिल मागावे. केडी घराण्याचा दुसरा दोष इंजेक्टरखालच्या तांब्याच्या वॉशरचा. तो गळू लागला की जळके वायू टॅपेट कव्हरखाली शिरतात, तेलात डांबरासारखी काजळी होते, ती चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, उतरते आणि तेल खेचणारी गाळणी चोंदते. तेलाचा दाब पडला की बेअरिंग जातात. टोयोटाच्याच पहिल्या फॉर्च्युनरच्या ३ लिटर इंजिनात हे अधिक आढळते. तेल भरायचे झाकण उघडून आत घट्ट काळा थर दिसला तर चेंबर उतरवून गाळणी पाहावी आणि वॉशर बदलावेत. नुसते तेल बदलून भागत नाही. आयडलवर आरपीएम वरखाली होत असेल तर आधी डिझेल फिल्टर बदलून पाणी काढावे, मग हाय प्रेशर पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह तपासावा. कोकण-गोव्यातली गाडी असेल तर ती लिफ्टवर घेऊन मागच्या स्प्रिंगच्या बैठकीजवळ चॅसी हातोडीने ठोकून पाहावी. भद्द आवाज आला तर गंज आत गेला आहे. अमेरिकेत टकोमा पिकअपच्या चॅसी गंजून कंपनीला २००८ मध्ये गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या होत्या. हायब्रिडमध्ये बॅटरीला हवा देणारी जाळी धुळीने भरली की बॅटरी तापते, त्यामुळे तिच्यावर सामान किंवा सीट कव्हर येऊ देऊ नये.

अलीकडची वर्षेही स्वच्छ नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्याच दाइहात्सु कंपनीतले सुरक्षा चाचण्यांतल्या गैरप्रकारांची व्याप्ती उघड झाली. चौकशी समितीने कारण दिले ते अवाजवी घट्ट वेळापत्रकाचे. जानेवारी २०२४ मध्ये साकिचीने स्थापलेल्या माग कंपनीच्याच आजच्या अवतारात, टोयोटा इंडस्ट्रीजमध्ये, तीन डिझेल इंजिनांच्या अश्वशक्ती चाचणीत प्रत्यक्ष गाडीत नसलेले सॉफ्टवेअर वापरल्याचे निघाले. भारतात क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही दिवस थांबली. जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला. वाळूजमध्ये बजाजसाठी सुटे भाग बनवत मोठे झालेले अनेक पुरवठादार आहेत. त्यांना टोयोटाला माल द्यायचा असेल तर पहिली तपासणी यंत्रांची नसेल. खराब भाग दिसल्यावर तिथला कामगार लाइन थांबवू शकतो का, हे आधी पाहिले जाईल.