वकिलातीच्या रक्षणातील लष्करी संयम

परदेशातील वकिलातीवर (दूतावासावर) जमाव किंवा हल्लेखोर चालून आले असता आतल्या पहाऱ्याने शस्त्र कधी उचलायचे, किती बळ वापरायचे आणि त्याचा हुकूम कोणी द्यायचा, यासंबंधीचे नियम व प्रघात या संज्ञेत येतात.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या २२ व्या कलमानुसार वकिलातीच्या आवारात यजमान देशाच्या अधिकाऱ्यांनाही संमतीवाचून शिरता येत नाही. तिचे रक्षण करण्याची खास जबाबदारी मात्र त्याच देशावर असते. वकिलातीची जमीन पाहुण्या देशाची होते, हा समज चुकीचा आहे. म्हणून फाटकाबाहेरचा जमाव पांगवणे हे स्थानिक पोलिसांचे काम, आणि ते येईपर्यंत माणसे व गोपनीय कागद सांभाळून वेळ काढणे हे आतल्या जवानांचे. त्यांची एक गोळी यजमान देशाच्या नागरिकाला लागली, तर उरलेसुरले संरक्षणही जाऊ शकते.

हल्लेखोर बंदुका घेऊन आले असतील तर प्रश्न सोपा असतो. २३ मे २०१४ रोजी हेरातच्या भारतीय वाणिज्य दूतावासावर सशस्त्र हल्ला झाला, तेव्हा भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांनी गोळीला गोळीने उत्तर दिले. खरी कसोटी लागते ती घोषणा देणाऱ्या, दगड मारणाऱ्या, भिंतीवर चढणाऱ्या गर्दीपुढे. त्या गर्दीत शस्त्र कोणाकडे आहे, हे धुरातून दिसत नाही.

या कसोटीचे एक जुने उदाहरण नागपुरात घडले. १८१६ च्या तैनाती फौजेच्या करारानंतर इंग्रज रेसिडेंट (दरबारातील कंपनीचा प्रतिनिधी) जेंकिन्स सीताबर्डीच्या टेकड्यांलगत राहत असे. त्याच्या दिमतीला फौज होती, त्यामुळे आजच्या राजदूताशी त्याची तुलना जपूनच केली पाहिजे. ५ नोव्हेंबर १८१७ ला पुण्याची रेसिडेन्सी (तिथल्या रेसिडेंटचे निवासस्थान) जळाली. तीन आठवड्यांनी, २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेशी इथेही लढाई जुंपली. टेकड्यांवर जेमतेम दीड हजार शिपाई, समोर त्यांच्या कितीतरी पट सैन्य. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी टेकडी भोसल्यांच्या पदरी असलेल्या अरबांनी घेतली. इंग्रज फौजेचा प्रमुख कर्नल स्कॉट याचे धोरण जागा धरून ठेवण्याचे होते. खाली कॅप्टन फिट्झजेराल्ड बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन थांबला होता. त्याने चढाईची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली. शेवटी उत्तर आले की, जायचे तर स्वतःच्या जोखमीवर जा. तो गेला, त्याने तोफा काबीज केल्या, आणि दुपारपर्यंत लढाईचे पारडे फिरले.

इंग्रज इतिहासकार ही शौर्यकथा म्हणून सांगतात. तिच्यातला निरोप मात्र नीट वाचावा. संधी दिसत होती खालच्या अधिकाऱ्याला, अधिकार होता वरच्याकडे, आणि वरच्याने होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. जोखीम तेवढी खाली ढकलली. घोडदळ कापले गेले असते तर दोष कोणाच्या माथी आला असता, हे उघड आहे. इंग्रजांच्या बाजूने साडेतीनशेहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली, आणि त्यांत बहुतेक हिंदी शिपाई होते. बर्डीच्या बाजारावरच्या त्या टेकडीवरील किल्ला आजही लष्कराकडेच आहे.

पुढच्या काळात परवानगीचा प्रश्न अधिकच अवघड झाला. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानच्या अमेरिकी दूतावासात विद्यार्थी घुसले. मरीन (अमेरिकी नौसैनिक दलाच्या) पहाऱ्याने अश्रुधूर वापरला, पण गोळी झाडली नाही. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. रक्तपात टळला म्हणून हा संयम योग्य, असे म्हणता येते. पण यजमान सरकारच जमावाच्या पाठीशी उभे राहिले, तर काढलेला वेळ वाया जातो, हेही इथेच दिसले.

त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, मक्केच्या मशिदीवरील हल्ल्यामागे अमेरिका असल्याच्या अफवेने इस्लामाबादचा अमेरिकी दूतावास पेटला. गच्चीवर गोळी लागून एक मरीन मरणपंथाला लागला, तरी गोळीबाराची परवानगी मिळाली नाही. शंभराहून अधिक माणसे पोलादी दाराच्या खोलीत कोंडली गेली; आगीने पायाखालची फरशी तापली, लोक ओल्या कपड्यांतून श्वास घेऊ लागले. पाकिस्तानी फौज यायला कित्येक तास लागले. अंधार पडून जमाव ओसरल्यावर ती माणसे छताच्या झडपेतून गच्चीवर आली. जखमी मरीन तोवर त्या खोलीतच मरण पावला होता.