विदर्भातील जंगल सफारी व पक्षिनिरीक्षण सहली

विदर्भातील व्याघ्रप्रकल्प, अभयारण्ये आणि गावतलाव येथे वन्यप्राणी व पक्षी पाहण्यासाठी स्थानिक गाईडच्या सोबतीने काढल्या जाणाऱ्या सहली. वाघासाठीची जिप्सी सफारी आणि पक्ष्यांसाठीची पायी किंवा तलावकाठची भटकंती असे त्यांचे दोन प्रकार आहेत. पर्यटन कंपन्या दोन्ही एकाच पॅकेजमध्ये विकतात, पण त्यांचे हंगाम वेगळे, जागा वेगळ्या आणि पैशाचे गणितही वेगळे. वाघ बहुधा गेटच्या आत, तिकीट काढून, उन्हाळ्यात पाहायचा असतो. विदर्भातले पाहण्यासारखे पक्षी मात्र मोठ्या प्रमाणात गेटच्या बाहेर राहतात, तेही हिवाळ्यात.

आफ्रिकेच्या सफारीची कल्पना मनात ठेवून येणाऱ्याला इथे सिंह, गेंडा किंवा जिराफ भेटणार नाही. इथले मोठे प्राणी म्हणजे वाघ, बिबट, गवा, अस्वल, सांबर, नीलगाय आणि रानकुत्र्यांचे कळप. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, पण त्यांच्यामुळे धानाचे नुकसानच जास्त झाले. त्यांच्यावर सफारी उभी राहिलेली नाही. आफ्रिकेच्या उघड्या सवान्नात, म्हणजे गवताळ माळात, दुर्बिणीने दोन किलोमीटरवरचे जनावर दिसते. ताडोबाच्या सागवान-बांबूच्या जंगलात वाघ दहा फुटांवर बसलेला असूनही दिसत नाही.

या पर्यटनाची मुळे शिकारीत आहेत. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांत व वऱ्हाडातील सरकारी जंगले शिकारीच्या ब्लॉकमध्ये वाटलेली होती. परवाना साहेबाचा, मचाण गावकऱ्यांनी बांधलेले आणि हाका करायला गोंड व इतर समाजांतील माणसे, अशी कामाची वाटणी असे. १९५५ मध्ये ताडोबाचे ११६ चौ. किमी. क्षेत्र राष्ट्रीय उद्यान झाले. राज्यातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली आणि १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्प योजनेतील पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. पुढे पेंच, ताडोबा-अंधारी, नवेगाव-नागझिरा (२०१३) आणि बोर (२०१४) यांची भर पडली. ताडोबा-अंधारीचा गाभा, म्हणजे आतले काटेकोर संरक्षित क्षेत्र, सुमारे ६२५ चौ. किमी. आहे. बोर मात्र देशातल्या लहानांतल्या लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. प्रकल्पाच्या दर्जाविनाही उमरेड-कऱ्हांडला आणि यवतमाळचे टिपेश्वर ही अभयारण्ये वाघांसाठी गाजली. उमरेडचा ‘जय’ वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला तेव्हा चौकशीच्या बातम्या महिनोन् महिने चालल्या. टिपेश्वरच्या एका रेडिओ कॉलर लावलेल्या वाघाने २०१९ मध्ये शेतशिवारे, रस्ते आणि नाले ओलांडत हजारावर किलोमीटर चालून बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. त्याच्या वाटेतल्या बहुतेक गावांत सफारी हा शब्द फक्त टीव्हीवर ऐकलेला.

सफारीचा दिवस गेटवर सुरू होतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी ही ताडोबाची नेहमीची नावे. पेंचला सिल्लारी, खुर्सापार आणि चोरबाहुली. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेले असते आणि ओळखपत्र तिकिटावरच्या नावाशी जुळावे लागते. उघड्या जिप्सीत पर्यटक सहा, शिवाय चालक व गाईड. गाईड पर्यटकाने निवडायचा नसतो, तो पाळीने येतो, त्यामुळे एखाद्या गाडीला पंचवीस वर्षे जंगल तुडवलेला माणूस मिळतो तर मागच्या गाडीला यंदाच भरती झालेला पोरगा. ताडोबात हे गाईड बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांचेच असतात. अलीकडे त्यांत बायकाही आहेत. गाभा क्षेत्रात मोबाइल वापरू देत नाहीत, गाडीतून उतरता येत नाही, मंगळवारी ताडोबा बंद असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा पावसाळ्यासाठी बंद राहतो. डिसेंबरच्या पहाटे ब्लँकेट लागते, मे महिन्यात तोंडाला ओला दुपट्टा. चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या वर सहज जातो.

आत गेल्यावर गाईडचे खरे काम ऐकण्याचे. ताडोबातल्या पांढरपौनीच्या वळणावर तो एकदम चालकाला ‘बंद कर’ म्हणतो, इंजिन थांबते आणि सगळे कान टवकारतात. चितळाचा तीक्ष्ण ‘कॉल’, म्हणजे धोक्याची हाक, आला तर तो लगेच खूश होत नाही; चितळ बिबट्यालाही ओरडते, रानकुत्र्यालाही ओरडते, कधी नुसत्या सळसळीलाही. झाडावरचे वानर खाकरले आणि एकाच दिशेला बघत राहिले तर तो गाडी वळवायला सांगतो, कारण वरून वानराला जनावर दिसत असते. सांबराने एकदा, मग पुन्हा ढॉंक केले की मात्र चर्चा संपते. धुळीतल्या ठशाच्या कडा ताज्या आहेत की त्यावरून किड्याची वाट गेली आहे, यावरून वाघ रात्री गेला की आत्ता, ते ठरते. ही विद्या प्रशिक्षण वर्गात थोडीच मिळते. ती गुरे चारताना, मोह वेचताना आणि बांबू तोडताना अंगात मुरलेली असते.

त्याच मोहामुळे या व्यवसायातला सर्वांत अवघड पेच उभा राहतो. पाणवठे आटल्यावर वाघ उरल्यासुरल्या पाण्याशी येतो, म्हणून एप्रिल-मे हा पर्यटकांचा सर्वोत्तम हंगाम. नेमक्या त्याच दिवसांत बफरमधली कुटुंबे पहाटे अंधारातच मोहफुले वेचायला आणि नंतर तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरतात. पाने खुडून, पुडे बांधून फळीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा करण्याच्या केंद्रावर, पोचवायची असतात. वाकून काम करणारी बाई वाघाला दुरून माणसासारखी दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांतले अनेक बळी याच हंगामातले. एका गेटवर वाघ दिसला म्हणून पेढे, आणि पाच किलोमीटरवरच्या गावात वाघ दिसला म्हणून बैठक, असे चित्र एकाच सकाळी असू शकते. या तफावतीची भरपाई म्हणून गेटच्या उत्पन्नातला वाटा गावच्या परिस्थितीकी विकास समित्यांकडे जातो, आणि २०१५ पासूनच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून स्वयंपाकाच्या गॅससारख्या सोयी दिल्या जातात. रोजगार खरा आहे, पण गेटलगतच्या मोजक्या गावांत एकवटलेला. रिसॉर्टांची मालकी बहुतांशी बाहेरच्यांची.

वाघाला नाव पडले की गर्दी वाढते. ताडोबाची ‘माया’ वाघीण ज्या रस्त्यावर येई तिथे गाड्यांची रांग लागे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सींनी एका वाघिणीची व तिच्या पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत पसरल्यावर गाईड-चालकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. दोष एकट्या गाईडचा मानणे सोपे आहे. ‘सायटिंग’, म्हणजे वाघाचे दर्शन, झाले नाही तर बक्षिशी नाही, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळते.

पक्षिनिरीक्षणाला हे ओझे नाही. सफारीत पक्षी दिसतातच: वडा-उंबरावर राज्यपक्षी हरियल, वाळल्या फांदीवर तुरेवाला सर्पगरुड, बांबूत स्वर्गीय नर्तक, आणि पावसाच्या तोंडाशी नवरंग. पण जिप्सीतले इतर पाचजण वाघाला आलेले असतील तर हळद्यासाठी गाडी थांबवणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. त्यामुळे पक्षी पाहणारे बफर किंवा मेळघाटचा रस्ता धरतात. मेळघाटचे मोठे आकर्षण रानपिंगळा हे छोटे घुबड. १८८४ नंतर शंभरावर वर्षे कुणालाही न सापडलेला हा पक्षी १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना पुन्हा दिसला. नंतरच्या शोधांत मेळघाटातही तो आढळला. नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्यापेक्षा हा दणकट, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आणि दिवसाढवळ्या सागाच्या शेंड्यावर उन्हात बसतो. त्यामुळे त्याला शोधायला रात्र जागावी लागत नाही. त्याचा आवाज ओळखणारा कोरकू आदिवासी वाटाड्या मात्र लागतो.

भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरचा झाडीपट्टीचा भाग तलावांचा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले हे मालगुजारी (जमीनदारीच्या काळातले) तलाव धानाला पाणी देण्यासाठी होते. पक्ष्यांना ते आयते मिळाले. थंडीत त्यांवर चक्रवाक, पट्टकादंब हंस, तलवार बदके आणि थापटे उतरतात, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी चालतात. नवेगावबांध त्यांत सर्वांत प्रसिद्ध. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी नोकरीच्या काळात नवेगाव, नागझिरा व मेळघाटातील आदिवासी, धीवर आणि शेतकऱ्यांकडून पक्ष्यांची नावे व सवयी टिपून ठेवल्या. आजचे अनेक मराठी पक्षिनिरीक्षक त्यावरच वाढले. बेशरम हे तण माजलेले तलाव साफ करून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम भंडाऱ्यात धीवरांच्या सहभागाने झाले आहे, कारण मासे आणि बदके दोघांनाही तीच वनस्पती हवी असते.

सारस क्रौंच हे गोंदियाचे वैशिष्ट्य. महाराष्ट्रात त्याची टिकून राहिलेली वस्ती जवळजवळ याच जिल्ह्यात, संख्या काही डझनांतच. परसवाड्यासारख्या तलावांवर जोडी दिसते. घरटे मात्र धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाण्यात रचलेल्या गवताच्या ढिगावर. त्यामुळे इथे वनविभागापेक्षा शेतकरीच मोठा रखवालदार ठरतो: घरट्याभोवतीचे चार-पाच वाफे तो कापणीत मागे ठेवतो, फवारणी टाळतो, आणि तेवढे धान सोडून देतो. पाहायला येणाऱ्यांनी बांधावरूनच, दूर उभे राहून पाहायचे असा गावाचा रिवाज. या तलावांना गेट नाही, तिकीट नाही, आणि म्हणून समितीच्या खात्यात जमा होण्यासारखे काही नाही. पक्षी दाखवणारा तरुण दिवसाचे काय ते पाहुण्याशी बोलून ठरवतो, दुर्बीण बहुधा कुणीतरी दिलेली असते, आणि फेब्रुवारीअखेर बदके उत्तरेला निघाली की तो पुन्हा शेतीच्या किंवा मजुरीच्या कामाला लागतो.