सोळा बिटांचा पासंग

डॅक म्हणजे डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करून देणारी चिप. १६ बिटांचा डॅक ० ते ५ व्होल्टचे ६५,५३६ भाग पाडतो. एक पायरी जेमतेम ७६ मायक्रोव्होल्टची. पण तीच चिप उन्हातल्या पत्र्याच्या पॅनेलमध्ये बसली आणि आतलं तापमान २५ वरून ८५ अंशांवर गेलं, की यातल्या किती पायऱ्यांवर भरवसा ठेवायचा?

किराणा दुकानातला जुना तराजू आठवा. रिकामी तागडीच कलली तर तो पासंग. किलो तोला की पाच किलो, चूक तेवढीच. डॅकमध्ये हा ऑफसेट. वजनंच झिजलेली असतील तर मात्र माल वाढेल तशी चूक वाढते. ही गेनची चूक.

डॅक व्होल्टेज स्वतः घडवत नाही, रेफरन्स नावाच्या दुसऱ्या चिपकडून आलेल्या व्होल्टेजचे वाटे पाडतो. रेफरन्स सरकला की सगळे वाटे सरकले. खरी मेख इथेच आहे.

२५ अंशांना सगळं जुळवून घेतलंय असं धरू. रेफरन्स अंशामागे १० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १० भाग, सरकतो. ६० अंशांत ६०० पीपीएम, म्हणजे ५ व्होल्टवर ३ मिलिव्होल्ट. डॅकचा स्वतःचा गेन अंशामागे २ पीपीएमने सरकला तर ०.६ मिलिव्होल्ट, ऑफसेट अंशामागे २ मायक्रोव्होल्टने सरकला तर ०.१२, आणि आकड्यागणिक व्होल्टेज वाढण्याच्या रेषेच्या वाकडेपणाची एक पायरी, ०.०८.

सरळ बेरीज ३.८ मिलिव्होल्ट, जवळपास ५० पायऱ्या. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका सगळ्या एकाच बाजूला क्वचितच ओढतात. म्हणून प्रत्येकीचा वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ काढतात: ३.०६ मिलिव्होल्ट, ४० पायऱ्या. जिवाशी गाठ असलेल्या यंत्रात मी तरी सरळ बेरीजच धरीन.

वर्गांच्या बेरजेत मोठी चूक बाकीच्यांना गिळून टाकते. डॅकची रेषा अगदी सरळ केली तरी हे ४० हलत नाहीत. उलट २ पीपीएमचा रेफरन्स लावला, तर चूक ०.८६ मिलिव्होल्टवर, म्हणजे ११ पायऱ्यांवर येते. तरी लोक १८ बिटांचा डॅक मागवतात!

एक खोच राहिली. डेटाशीटमधले ते १० पीपीएम बऱ्याचदा उणे ४० ते १२५ अंशांच्या पूर्ण पट्ट्याची सरासरी असते. सरकण्याची रेषा सरळ नसते, त्यामुळे आपल्या ६० अंशांत ती ६०० पीपीएमच्या पुढेही जाऊ शकते.